वाचकांचे प्रश्न : खूण केली, पण व्हॅल्यू कुठे?

दिवाळी तोंडावर आली की घरगुती फराळाच्या ऑर्डरची पाने बनू लागतात आणि तिथेच अनेकांची जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या संगणकभाषेशी पहिली झटापट होते. या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: पडद्यावर निवड दिसते, पण कोडच्या हाती तिची व्हॅल्यू (त्या घटकाला दिलेले मूल्य) लागत नाही. उत्तरे देताना आम्ही एकच फॉर्म समोर धरला आहे. त्यात वजनाचे तीन रेडिओ, म्हणजे एका वेळी एकच निवडता येणारी गोल बटणे, आहेत (पाव, अर्धा, एक किलो), पदार्थांचे चार चेकबॉक्स, म्हणजे हवे तितके निवडता येणारे खुणेचे खण (चकली, करंजी, बेसन लाडू, चिवडा), घर कुठल्या भागात आहे ते निवडायची ड्रॉपडाउन यादी, नगांचा रकाना आणि पोचवण्याची तारीख.

कोडच्या ओळी आम्ही उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापतो. टाइप करताना जावास्क्रिप्टचे शब्द आणि आकडे रोमन लिपीत घ्या. जोडशब्दात पुढच्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल असते. फॉर्मडेटा, नंबर, ॲरे, ऑब्जेक्ट, डेट यांचे पहिलेही; डेटासेट मात्र सगळे लहान अक्षरांत. व्हेरिएबलची नावे मात्र खरोखर देवनागरीत ठेवली तरी जावास्क्रिप्ट कुरकुरत नाही.

प्रश्न (सांगली) : ग्राहकाने एक किलो निवडले तरी माझ्या कोडला कायम 'पाव'च मिळते. ओळ अशी आहे :
डॉक्युमेंट.क्वेरीसिलेक्टर('[नेम="वजन"]').व्हॅल्यू

उत्तर : तुम्ही मागितले तेच तुम्हाला मिळते आहे. 'वजन नावाचा पहिला घटक दे' एवढेच ही ओळ सांगते, आणि पहिला घटक पाव किलोचा आहे. रेडिओ बटणाची व्हॅल्यू निवडीने बदलत नाही; बदलते ती त्याची चेक्ड ही अवस्था. जुन्या मोटारींतल्या रेडिओला ओळीने बटणे असत, एक दाबले की आधीचे बाहेर येई. हे नाव तिथूनच आले. प्रत्येक बटणाचे स्टेशन ठरलेले. आत्ता कुठले आत आहे, एवढाच प्रश्न. तोच कोडला विचारायचा :

कॉन्स्ट निवड = डॉक्युमेंट.क्वेरीसिलेक्टर('इनपुट[नेम="वजन"]:चेक्ड');

चौकटी कंस आणि विसर्गासारखे ते चिन्ह यांच्यात जागा सोडू नका. जागा सोडली की अर्थ होतो 'या इनपुटच्या पोटातला चेक्ड घटक'. इनपुटच्या पोटात काहीच नसते, म्हणून उत्तर नल (म्हणजे 'काहीच नाही') येते आणि चूक डोळ्यांना दिसतही नाही.

ओळीच्या शेवटी लगेच .व्हॅल्यू का लावला नाही? ग्राहकाने एकही वजन निवडले नसेल तर निवड नल असते, आणि नलची व्हॅल्यू मागितली की टाइपएरर ही चूक येऊन पुढचे सगळे थांबते. ग्राहकाला काहीच कळत नाही. बटण मेल्यासारखे वाटते. म्हणून आधी तपासा (इथे सूचना म्हणजे संदेश दाखवायचा घटक) :

इफ (!निवड) { सूचना.टेक्स्टकंटेंट = 'वजन निवडा'; रिटर्न; }
कॉन्स्ट वजन = निवड.व्हॅल्यू;

प्रश्नचिन्ह-टिंब वापरून निवड?.व्हॅल्यू असेही लिहितात. त्याने एरर टळते, पण हातात अनडिफाइंड उरते आणि ते पुढे कुठेतरी ऑर्डरच्या मजकुरात 'अनडिफाइंड किलो' असे उगवते. चुकीचा बंदोबस्त जिथल्या तिथे केलेला बरा.

आधीच एखादा रेडिओ निवडून ठेवावा का? वजनासाठी ठेवू नये असे आमचे मत. लोक न बघता पुढे जातात आणि अर्धा किलो हवा असलेल्याला किलोभर चकली पोचते. त्याऐवजी गटातल्या एका रेडिओला रिक्वायर्ड ('भरणे सक्तीचे' ही खूण) लावा. ते पूर्ण गटाला लागू होते. फक्त एवढे ध्यानात असू द्या की रिक्वायर्डची तपासणी फॉर्म सबमिट होताना होते. साध्या बटणाच्या क्लिकवर तुम्ही स्वतः व्हॅल्यू वाचत असाल तर ब्राउझर मध्ये पडत नाही.

दुसरी, आटोपशीर वाट : फॉर्म.एलिमेंट्स.वजन.व्हॅल्यू. गटात दोन किंवा जास्त रेडिओ असतील तर ही निवडलेल्याची व्हॅल्यू देते आणि काहीच निवडले नसेल तर रिकामी स्ट्रिंग (स्ट्रिंग म्हणजे अक्षरांचा मजकूर). नलची भानगड नाही. पण यात एक खड्डा आहे. दोन वजने संपली म्हणून सर्व्हरने पानावर एकच रेडिओ छापला, तर एलिमेंट्स.वजन म्हणजे गट न राहता तो एकटा रेडिओच होतो, आणि त्याची व्हॅल्यू तो निवडलेला नसतानाही मिळते. यादी डेटामधून तयार होत असेल तर :चेक्डचीच वाट धरा.

आणि व्हॅल्यू म्हणून 'ऑन' हा शब्द आला तर एचटीएमएलमध्ये (पानाच्या मांडणीच्या कोडमध्ये) व्हॅल्यू लिहायची राहिली आहे, दुसरे काही नाही.

प्रश्न (नाशिक) : पान उघडताना व्हॅल्यू बरोबर येते, नंतर कितीही निवड बदलली तरी तीच राहते.

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये व्हॅल्यू वाचणारी ओळ फाइलच्या सुरुवातीला, कुठल्याही फंक्शनच्या बाहेर आहे. ती पान उघडताना एकदाच चालते. व्हेरिएबलमध्ये उतरते ती त्या क्षणाची नक्कल; पुढे ग्राहक काय करतो ते तिला कळत नाही. घटक वर पकडून ठेवायला हरकत नाही, .व्हॅल्यू मात्र गरज पडेल त्या क्षणी, फंक्शनच्या आत वाचा. रेडिओचा अपवाद : तिथे 'निवडलेला घटक' हाच बदलत असतो, म्हणून :चेक्डची अख्खी ओळ आत हवी.

निवड बदलताच बेरीज बदलायची असेल तर फॉर्मवर चेंज इव्हेंट ('निवड बदलली' ही ब्राउझरने दिलेली वर्दी) ऐका. आतल्या सगळ्या घटकांचा चेंज फॉर्मपर्यंत वर येतो, प्रत्येक रेडिओला वेगळा लिसनर (वर्दी ऐकणारे फंक्शन) जोडायची गरज नाही. रेडिओंच्या बाबतीत चेंज फक्त नव्याने निवडलेल्यावर येतो. ज्याची निवड गेली त्याला कोणी कळवत नाही. टाइप करायच्या रकान्यात चेंज सहसा रकाना सोडल्यावर येतो, प्रत्येक अक्षराला हवे तर इनपुट इव्हेंट घ्या. आणि कोडमधून चेक्ड = ट्रू केले तर चेंज येतच नाही; बेरीज करणारे फंक्शन स्वतः बोलवावे लागते.

तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फाइलमध्ये गेटॲट्रिब्यूट('व्हॅल्यू') आहे. तेही काढा. एचटीएमएलमध्ये मुळात जे लिहिले होते ते त्यातून मिळते, ग्राहकाने नंतर भरलेले नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : बटण दाबल्यावर निकाल क्षणभर दिसतो आणि पान कोरे होते.

उत्तर : फॉर्ममधल्या बटणाला टाइप दिला नाही तर तो सबमिट धरला जातो. फॉर्म पाठवला जातो, पान नव्याने उघडते. फॉर्मच्या सबमिट इव्हेंटवर पहिल्याच ओळीत इव्हेंट.प्रिव्हेंटडिफॉल्ट() लिहा. बटणाच्या क्लिकपेक्षा सबमिट इव्हेंट पकडणे केव्हाही चांगले, कारण रकान्यात एंटर दाबूनही फॉर्म जातो आणि रिक्वायर्डची तपासणीही आपोआप होते. बटणाचे नाव 'सबमिट' ठेवू नका. ठेवले तर फॉर्म.सबमिट() या फंक्शनच्या जागी तुमचे बटणच हाती येते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : दोनच पदार्थांवर खूण केली तरी मोजणी तीन येते. पानावर रेडिओ नाहीत, फक्त चेकबॉक्स आणि भागांची यादी. मी क्वेरीसिलेक्टरऑल(':चेक्ड').लेंग्थ वापरले आहे.

उत्तर : तिसरा आहे तो भागांच्या यादीतला. ड्रॉपडाउनमधला निवडलेला ऑप्शनसुद्धा :चेक्डमध्ये बसतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. मागणी नेमकी करा :

कॉन्स्ट खुणा = फॉर्म.क्वेरीसिलेक्टरऑल('इनपुट[नेम="पदार्थ"]:चेक्ड');
कॉन्स्ट यादी = ॲरे.फ्रॉम(खुणा, ख => ख.व्हॅल्यू);

क्वेरीसिलेक्टरऑल जे परत देते ते ॲरेसारखे (जावास्क्रिप्टच्या क्रमवार यादीसारखे) दिसते, पण ॲरे नसते. त्यावर फॉरईच चालते, मॅप चालत नाही, म्हणून ॲरे.फ्रॉम. एकही खूण नसेल तर इथे नल न येता रिकामी यादी येते, म्हणजे एरर नाही, पण लेंग्थ शून्य आहे का ते पाहावेच लागते. पीएचपीसाठी (सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेसाठी) नाव 'पदार्थ[]' असे ठेवले असेल तर सिलेक्टरमध्ये (घटक शोधायच्या खुणेत) ते अवतरणचिन्हांत हवे, नाहीतर कंसात कंस अडकून सिलेक्टरच अवैध ठरतो.

'किमान एक पदार्थ' ही अट रिक्वायर्डने साधत नाही. चेकबॉक्सवरचे रिक्वायर्ड म्हणजे 'ह्याच खणावर खूण हवी'. चारही खणांना लावले तर ग्राहकाला चकली, करंजी, लाडू, चिवडा सगळेच घ्यावे लागेल. धंद्याला बरे, पण ग्राहक पळेल! पहिल्या चेकबॉक्सवर सेटकस्टमव्हॅलिडिटी('एक तरी पदार्थ निवडा') लावा आणि खूण होताच त्यालाच रिकामी स्ट्रिंग द्या. ही दुसरी पायरी राहिली तर खुणा करूनही फॉर्म अडूनच राहतो. ही तपासणी चेंज इव्हेंटवर आणि पान उघडताना एकदा, अशा दोन्ही वेळी चालवा. सबमिट इव्हेंटमध्ये ठेवू नका : संदेश एकदा लागला की ब्राउझर फॉर्म आधीच अडवतो आणि सबमिट इव्हेंट येतच नाही.

एकट्या चेकबॉक्सचे, उदाहरणार्थ 'बिनसाखरेचे हवे', वेगळे आहे. तिथे .व्हॅल्यू वाचू नका. खूण असो नसो, ती एकच येते. .चेक्ड वाचा, ते ट्रू किंवा फॉल्स देते.

सगळा फॉर्म एकदम उचलायचा असेल तर कॉन्स्ट डेटा = न्यू फॉर्मडेटा(फॉर्म) सोयीचे. मग डेटा.गेट('वजन') आणि पदार्थांसाठी डेटा.गेटऑल('पदार्थ'). पदार्थांना नुसते गेट लावले तर पहिला पदार्थ तेवढा मिळतो. ऑब्जेक्ट.फ्रॉमएंट्रीज(डेटा) ही लोकप्रिय ओळ उलट शेवटचा ठेवते. दोन्हींत बाकीचा फराळ वाटेतच सांडतो. फॉर्मडेटा फक्त नेम असलेले घटक घेते, आयडी असून उपयोग नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : यादीतून मला 'के२' असा कोड मिळतो. पावतीवर 'राजारामपुरी' असे छापायचे आहे. शिवाय 'भाग निवडा' ही पहिली ओळ तशीच ठेवूनही फॉर्म पुढे जातो.

उत्तर : यादी.व्हॅल्यू कोड देते. दिसणारा मजकूर हवा तर :

यादी.सिलेक्टेडऑप्शन्स[०].टेक्स्ट

टेक्स्टच्या मागेपुढे पडलेल्या मोकळ्या जागा ब्राउझर छाटतो, व्हॅल्यूच्या मात्र छाटत नाही. म्हणून एचटीएमएलमध्ये व्हॅल्यूच्या शेवटी चुकून स्पेस पडली असेल तर === 'के२' ही तुलना निमूटपणे फसते. पूर्ण मराठी नाव व्हॅल्यूत ठेवण्यापेक्षा तुम्ही ठेवलाय तसा लहान रोमन कोडच बरा. 'ऱ' सारखे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकपद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिता येते. दिसायला सारखे आणि तुलनेत वेगळे, असा गोंधळ मग मागे लागत नाही.

'भाग निवडा'चे कारण : त्या ऑप्शनला व्हॅल्यू दिलेलीच नाही. व्हॅल्यू नसली की ऑप्शनचा मजकूर हीच त्याची व्हॅल्यू होते, आणि ब्राउझरच्या दृष्टीने तुम्ही 'भाग निवडा' नावाचा भाग निवडलेला असतो. त्या पहिल्या ओळीला व्हॅल्यू="" असे स्पष्ट लिहा आणि यादीला रिक्वायर्ड लावा. अनेक भाग निवडता येतील अशी मल्टिपल यादी केलीत तर .व्हॅल्यू पहिलाच निवडलेला भाग देते; सगळे सिलेक्टेडऑप्शन्समधून ॲरे.फ्रॉमने काढा.

प्रश्न (पुणे) : लाडवांचे ४५० आणि पोचवण्याचे ६०, बेरीज ४५०६० येते! गुणाकार मात्र बरोबर येतो. आणि काही ग्राहक नग मराठी आकड्यांत लिहितात, तेव्हा एनएएन ('हा आकडा नाही') येते.

उत्तर : व्हॅल्यू कायम स्ट्रिंग असते, रकाना नंबर टाइपचा असला तरी. अधिक चिन्ह दोन स्ट्रिंगना चिकटवते. गुणाकाराचे चिन्ह मात्र दोघांचे आकडे करून घेते. म्हणून '४५०' * '२' बरोबर ९०० येते आणि मूळ दोष लपून राहतो. तो बाहेर पडतो पहिल्या बेरजेला. वाचल्या वाचल्या आकडा करा : नंबर(रकाना.व्हॅल्यू).

नंबर() मात्र एका बाबतीत फारच उदार आहे. रिकाम्या स्ट्रिंगचे, नुसत्या स्पेसचेसुद्धा, ते शून्य करते. नग भरलेच नाहीत तरी ऑर्डर शून्य रुपयांची होऊन निघून जाते. नंबर टाइपच्या रकान्यात .व्हॅल्यूॲझनंबर वापरलेत तर रिकाम्याचे एनएएन येते, ते पकडायला सोपे. पार्सइंट वेगळाच धोका देते : '१,२००' दिले तर स्वल्पविरामापाशी थांबून १ परत करते. बाराशेचा हिशेब एक रुपयावर!

आता मराठी आकडे. नंबर() देवनागरी अंक ओळखत नाही, म्हणून एनएएन. ते ओळखले जात नाहीत म्हणून ग्राहकाला रागावण्यात अर्थ नाही. मराठी कळफलक सुरू असताना ते सहज उमटतात. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे अंक ओळीने येतात, म्हणून वजाबाकी पुरते :

कॉन्स्ट साफ = रकाना.व्हॅल्यू.ट्रिम().रिप्लेस(/[०-९]/जी, अ => अ.चारकोडॲट(०) - २४०६).रिप्लेस(/,/जी, '');

यात चौकटी कंसातले ०-९ तेवढे खरोखर देवनागरीत टाइप करायचे, बाकीचे सगळे आकडे रोमन. नंतर साफ रिकामे नाही ना ते पाहा, नंबर(साफ) करा आणि नंबर.इजइंटिजर() ने पूर्णांक आहे का ते तपासा, कारण 'दीड नग लाडू' लिहिणारेही भेटतात.

हे टेक्स्ट टाइपच्या रकान्यातच करता येते. नंबर टाइपमध्ये ब्राउझरला न समजलेले काही टाइप झाले तर .व्हॅल्यू रिकामी येते. ग्राहकाने काय लिहिले होते ते तुमच्या हाती लागतच नाही. मोबाइलवर आकड्यांचा कळफलक यावा म्हणून टेक्स्टच ठेवून इनपुटमोड="न्युमरिक" लावा.

प्रश्न (न्यू जर्सी) : पुण्यातल्या घरी फराळ पाठवायला १८ तारीख निवडली, तर पावतीवर १७ आली. पुण्याहून भरले की बरोबर येते.

उत्तर : तारखेचा रकाना पडद्यावर कसाही दिसो, त्याची व्हॅल्यू वर्ष-महिना-दिवस अशाच क्रमाने येते, उदाहरणार्थ '२०२५-१०-१८'. ही स्ट्रिंग न्यू डेट() ला दिली की ती जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र मानली जाते. भारत साडेपाच तास पुढे, म्हणून पुण्यात तेव्हा १८ तारखेचे पहाटेचे साडेपाच आणि दोष दिसत नाही. न्यू जर्सी ऑक्टोबरात चार तास मागे, तिथे १७ तारखेचे रात्रीचे आठ. पावती बनवणाऱ्याने पुण्यात बसून कितीही तपासले असते तरी त्याला हे सापडले नसते.

फक्त पाठवायची असेल तर डेट बनवूच नका, स्ट्रिंग आहे तशी पाठवा. वार काढायचा असेल तर तुकडे करा :

कॉन्स्ट [व, म, द] = रकाना.व्हॅल्यू.स्प्लिट('-').मॅप(नंबर);
कॉन्स्ट दिवस = न्यू डेट(व, म - १, द);

महिने शून्यापासून मोजतात, म्हणून एक वजा.

प्रश्न (ठाणे) : ठरावीक ग्राहकांसाठी भाग आधीच निवडून यादी डिसेबल्ड (बदलता न येणारी) केली. दिसते, पण फॉर्मडेटात येत नाही.

उत्तर : डिसेबल्ड घटक पाठवले जात नाहीत, नियमच तसा आहे. यादी.व्हॅल्यू थेट वाचली तर मात्र मिळते. रीडओन्लीचा ('फक्त वाचा' या खुणेचा) उपाय सुचेल, पण तो यादीला, चेकबॉक्सला आणि रेडिओला लागूच होत नाही. दाखवायला डिसेबल्ड यादी ठेवा आणि पाठवायला त्याच नेमचा एक हिडन (पडद्यावर न दिसणारा) इनपुट.

प्रश्न (मडगाव) : प्रत्येक चेकबॉक्सच्या व्हॅल्यूतच भाव ठेवला तर बेरीज सोपी होईल. चालेल का?

उत्तर : पडद्यावर अंदाजे रक्कम दाखवण्यापुरते चालेल, तेही व्हॅल्यूत नको; डेटा-भाव अशा ॲट्रिब्यूटमध्ये ठेवा आणि घटक.डेटासेट.भाव असे वाचा. तेसुद्धा स्ट्रिंगच येते. व्हॅल्यूत भाव ठेवला तर चकली आणि चिवड्याचा भाव सारखा होताच सर्व्हरला कुठला पदार्थ ते ओळखता येणार नाही. त्याहून मोठी अडचण अशी की ब्राउझरमधले पान ग्राहकाच्या ताब्यात असते. डेव्हलपर टूल्स (ब्राउझरमधलीच पानाचा कोड बदलायची साधने) उघडून ४५०चे ४ करायला दहा सेकंद लागतात, आणि तुमचा कोड तो ४ मुकाट्याने वाचून पाठवतो. पानावरून फक्त पदार्थाचा कोड, वजनाचा कोड आणि नग पाठवा. भाव सर्व्हरवरच्या तक्त्यातून घ्या आणि देय रक्कम तिथेच काढा. नग उणे तर नाहीत ना हेही तिथे पुन्हा तपासा, कारण उणे दोन लाडू मागवले की बिलातून पैसे वजा होतात.